एकेचाळीस नंबरची काच

सर माणसाशी बोलण्याआधी त्याचा वास घ्यायचे. लपूनछपून नाही, उघड. पीएच.डी.साठी विचारायला मी पहिल्यांदा त्यांच्या केबिनमध्ये गेले, तेव्हा सरांनी मान पुढे केली, डोळे मिटले, दोनदा नाक ओढलं आणि म्हणाले, "शिरोळची काय गं तू?"

मी चाटच पडले. अर्ज अजून माझ्या हातात होता.

"एसटीनं आलीस. आन् डब्यात मेथी हाय."

दोन्ही खरं होतं. मी भारावून बाहेर आले. पुढे वर्षभराने आमच्या विभागाचे शिपाई मेहबूबमामा यांनी सांगितलं, की शिरोळ आणि एसटी त्यांनीच आत जाऊन सांगितलं होतं. सरांना वास आला होता तो फक्त मेथीचा. पण तोवर मी चार जणांना हा किस्सा सांगून बसले होते आणि सरांचा नावलौकिक वाढवण्यात माझाही हातभार लागला होता.

कोल्हापुरात विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात, तळमजल्यावर, आमची प्रयोगशाळा होती. काम सांगायला सोपं आणि करायला वैतागाचं. काचेच्या लहानशा पट्टीवर झिंक ऑक्साइडचा थर चढवायचा. साधा सपाट थर नाही. एकेक काडी केसाच्या हजाराव्या भागाएवढी बारीक, अशा काड्यांचं रान उभं करायचं. त्या रानातून किंचित वीज वाहते. हवेत एखादा वायू आला की तो काड्यांच्या अंगाला भिडतो आणि विजेचा आकडा बदलतो. किती बदलला, किती लवकर बदलला, वायू निघून गेल्यावर आकडा मूळ जागी परत आला का, हे बघत बसायचं. सर याला "काचेचं नाक करणं" म्हणायचे.

कृतीही स्वयंपाकासारखीच. काचेवर आधी बियाण्याचा पातळ थर द्यायचा, त्याला सर, उसाची करतात तशी, "लागण" म्हणत. मग जस्ताचा क्षार पाण्यात विरघळवून, त्यात अमोनिया घालून, बीकर गरम पाण्यात ठेवायचा आणि त्यात काचा तिरप्या सोडून काही तास वाट बघायची. सूक्ष्मदर्शकातून फोटो आले की सर मला आधी बोलवत. काड्या सरळ आल्या असतील तर मी "उभा ऊस" म्हणायचे, आडव्यातिडव्या आल्या असतील तर "लोळलेला". सरांना हे इतकं आवडलं की दिल्लीहून आलेल्या एका मोठ्या पाहुण्यांनाही त्यांनी, "हा आमचा लोळलेला ऊस," असं दाखवलं. पाहुण्यांनी ते शांतपणे टिपून घेतलं.

सगळ्या वायूंमध्ये सरांना वेड होतं ते एकाच, हायड्रोजन सल्फाइडचं. कुजक्या अंड्याचा वास येतो तो वायू. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच आवाज खाली आणला. सर मंगळवार पेठेत वाढलेले. शाळेत असताना त्यांच्या गल्लीत गटाराचं चेंबर तुंबलं आणि साफ करायला एक माणूस आला. झाकण काढल्यावर त्याने नाकावर फडकं धरलं, थोड्या वेळाने काढलं, आणि बघत उभ्या असलेल्या पोरांना म्हणाला, "गेला बघा वास." मग तो खाली उतरला. जिवंत वर आला नाही.

"वास गेला न्हवता, पोरी," सर म्हणाले. "त्येचं नाक गेलतं. ह्यो गॅस जास्त झाला की आधी नाक मारतोय, मग माणूस. नाक लई शहाणं हाय, पर भरवशाचं न्हाय. म्हणून काच पायजे."

स्वस्त, साधी, गटारात उतरणाऱ्या माणसाच्या गळ्यात अडकवता येईल अशी काच. तीस वर्षं सर तिच्याच मागे होते आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

नाकावरचा अविश्वास त्यांनी वहीवर काढला होता. प्रत्येकाची एक वही, आणि केलेलं सगळं तिच्यात. "शिंकलीस तर ते बी लिही. कुणी सांगावं, काचेनं ऐकलं असंल." वहीत अंदाज लिहायचा नाही. चुकलं तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. चुकीवर एकच रेघ मारायची, चूक खाली वाचता आली पाहिजे, आणि शेजारी त्या दिवसाची तारीख आणि सही. एका मुलाने पान फाडलं म्हणून सरांनी त्याला दोन आठवडे फक्त काचा धुवायला लावल्या होत्या. त्यांची स्वतःची एक वेगळी वही होती, मराठीत. सकाळी आल्या आल्या खिडकी उघडून ते वास घेत आणि लिहीत: वारा कुठला, मळीचा वास आहे की नाही, कोण किती वाजता आलं, कोण उदास दिसलं. आम्ही तिला चेष्टेने सरांचं पंचांग म्हणत असू.

असा काटेकोर माणूस, पण प्रयोगशाळेच्या दारावर "येथे खाणेपिणे सक्त मनाई" अशी स्वहस्ते पाटी लावून, त्याच दाराच्या पलीकडे केबिनमध्ये पिण्याचा तांब्याचा तांब्या ठेवायचा. दार सदैव उघडं. ते घरून पाणी आणत आणि मामा ते तांब्यात भरून ठेवत. त्या तांब्यावरून दर सोमवारी एक ठरलेला संवाद व्हायचा.

"सर, ह्यो तांब्या हितं आठ दिसांत काळा पडतोय," मामा म्हणायचे. "आमच्या घरातला म्हैनाभर लखलखीत ऱ्हातोय."

"तुझी चिंच हलकी असंल," सर मान वर न करता म्हणायचे.

मामा पुटपुटत तांब्या चिंचेने घासायला घेऊन जायचे. आम्ही हसायचो.

माझ्या तिसऱ्या वर्षी पंचगंगेला मोठा पूर आला. शिरोळची वाट बंद, पूल बंद, घरचा फोन लागेना. पाणी उपसण्याची केंद्रंच पुरात गेल्यामुळे शहराचे नळही कोरडे. मी होस्टेलवर बसून काय करणार, म्हणून दिवसभर प्रयोगशाळेतच असायचे. सर आणि मामा होस्टेलसाठी टँकर मिळवायला हिंडत होते. त्या दिवसांत मी काही काचा केल्या आणि त्यांतली एक होती एकेचाळीस नंबरची. तिच्या जोडीची बेचाळीस सूक्ष्मदर्शकासाठी तोडली.

पूर ओसरला, घरचे सगळे सुखरूप असल्याचं कळलं, आणि मग एकदा आम्ही एकेचाळीस तपासायला घेतली. नळीतून नावापुरता वायू सोडला आणि आकडा असा कोसळला की आम्हाला वाटलं, तारच निसटली. तार जागेवर होती. वायू थांबवल्यावर आकडा हळूहळू वर आला. पुन्हा सोडला, पुन्हा कोसळला. अमोनिया दिला, अल्कोहोल दिलं, स्वयंपाकाचा गॅस दिला, एकेचाळीस ढिम्म. तिला वास कळायचा तो फक्त सरांच्या वायूचा.

सरांनी काच तळहातावर घेतली आणि तिचाही वास घेतला. "पैलवान हाय ह्यो!" असं इतक्या मोठ्याने ओरडले, की वरच्या मजल्यावरचे दोन प्राध्यापक खाली धावत आले. त्यांना वाटलं, काहीतरी फुटलं.

शोधनिबंध लिहिला, एका चांगल्या परदेशी नियतकालिकाने तो स्वीकारला. माझ्या पदवीला छापील निबंध लागणार होता, एका कॉलेजातल्या नोकरीची मुलाखतही त्याच्यावरच अडली होती. घरी कधी नव्हे ते माझ्या कामाबद्दल कौतुकाने बोललं गेलं. आणि नेमकं तेव्हा सर म्हणाले, "छापायच्या आधी आणि एक करून बघूया की."

त्रेचाळीस केली. काहीच नाही. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सगळ्या मद्दड. एकेचाळीस मात्र रोज तेच उत्तर द्यायची. साठाव्या काचेला सरांनी नियतकालिकाला पत्र लिहून निबंध मागे घेतला.

मला त्यांचा राग आला. खरंच आला. सहकाऱ्यांनीही समजावलं, "सर, काच खरी आहे, आकडे खरे आहेत. मग मागे कशाला?"

"कृती खोटी हाय," सर म्हणाले. "उद्या कुठलंतरी पोरगं हे वाचून बीकर चढवील. त्येला येणार न्हाय. त्येला वाटंल, आपल्यालाच जमंना. त्येचं वरीस कोण परत देणार?"

माझं वर्ष कोण देणार, हे मी विचारलं नाही. वडिलांनी मात्र फोनवर विचारलं, "आणि किती वर्सं काचा धुणार हाईस?"

मग सुरू झाला शोध. सर त्या दिवसांत भलतेच खुलले होते आणि त्याचाही मला राग यायचा. त्यांनी जुन्या रसायनांच्या बाटल्या एकेक करून हुंगल्या. मामांना साबण कुठल्या दुकानातला ते विचारलं. ढगाळ दिवस बघून प्रयोग केले. एकदा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"त्या दिवशी ड्रेस कुठला घातलतास?"

"सर, कसं आठवणार?"

"पंचांगात हाय. निळा. उद्या घालून ये."

मी निळा ड्रेस घालून आले. नवी काच मद्दड ती मद्दडच.

"पाणी डिस्टिल्डच हुतं न्हवं?" हे त्यांनी निदान दहा वेळा विचारलं. मी प्रत्येक वेळी वही उघडून दाखवली. डिस्टिल्ड पाणी, शंभर मिली. माझ्याच अक्षरात.

उन्हाळा लागला होता. मी बाहेरच्या नळावर बीकर धूत होते आणि शेजारी मामा तांब्या घासत होते. ओल्या चिंचेचा आंबट वास आला आणि माझे हात थांबले. हा वास मला माहीत होता. हा वास एकदा माझ्या बीकरमधून आला होता.

पुराचा तो दिवस एकदम डोळ्यांपुढे उभा राहिला. नळ नाहीत म्हणून डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र बंद. कॅनमध्ये तळाशी उरलेलं पाणी काचा धुण्यातच संपलेलं. लागण केलेल्या दोन काचा तयार, थांबलं तर वाया जाणार. घरचा फोन सकाळपासून चाळीस वेळा लावलेला. उघड्या दारातून सरांच्या टेबलावरचा तांब्या दिसत होता. मी तो उचलला, पाणी बीकरमध्ये ओतलं आणि पुन्हा फोन लावत बसले. आणि वही? वहीचं पान मी सकाळीच लिहून ठेवलं होतं. रोज तीच कृती, तेच आकडे. वेळ वाचावा म्हणून मी पानं आधी भरायला लागले होते. करून मग लिहायचं, ते मी लिहून मग करत होते. त्या पानावर डिस्टिल्ड पाणी होतं, म्हणून माझ्या आठवणीतही डिस्टिल्डच राहिलं.

तीन दिवस मी कुणालाच काही बोलले नाही. तांबं. काचेत तांब्याचा अंश गेला होता. हे सांगायचं म्हणजे, माझी वही खोटी आहे आणि त्या खोट्या पानापायी तुम्ही निबंध मागे घेतलात, महिनोन्‌महिने बाटल्या हुंगत फिरलात, हेही सांगायचं. पान फाडणाऱ्या मुलाला दोन आठवडे काचा धुवायला लागल्या होत्या. मला तर घरीच पाठवतील. तिसऱ्या दिवशी मला एक सोपी वाट सुचली. चूक सांगायचीच नाही. तांबं ही माझी कल्पना म्हणून मांडायची. वाक्यही पाठ केलं: सर, आपण थोडं तांबं घालून बघूया का?

केबिनमध्ये गेले. सर काहीतरी लिहीत होते.

"सर, आपण थोडं तांबं घालून..."

पुढचं बोलूच दिलं नाही. पेन खाली पडलं, खुर्ची मागे सरकली. "तांबं! आरं तिच्या! आन् त्ये कसं सुचलं गं तुला?" त्यांचा चेहरा असा फुलला होता, माझ्याकडे ते अशा कौतुकाने बघत होते, की मला तिथे उभं राहवेना. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"सुचलं नाही, सर," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. तांब्या, फोन, आधी लिहिलेलं पान, तीन दिवस गप्प बसणं, पाठ केलेलं वाक्य, सगळं.

सर उठले, कपाट उघडलं, त्यांच्या मराठी वह्यांतली एक काढली, पुराच्या आठवड्याचं पान शोधलं आणि उभ्या उभ्या वाचत राहिले. पान लहानसं होतं, वाचायला त्यांना फार वेळ लागला. मग खाली पडलेलं पेन उचललं, त्या पानावर काहीतरी केलं आणि वही परत कपाटात ठेवली. काय ते मला दिसलं नाही. मी त्यांच्या रागावण्याची वाट बघत होते.

"तांब्या त्या दिवशी घासलेला हुता काय?" सरांनी विचारलं.

"काय?"

"घासलेला काय बिनघासलेला? मेहबूब! ए मेहबूब! हिकडं ये!"

मामा आले. पुराच्या आठवड्यात तांब्या घासला होता का, यावर त्यांना विचार करावा लागला नाही. "घासला की. पर पानी कुठं हुतं इसळाय? दोन ओंजळींत भागवलं."

म्हणजे चिंचेने सुटलेलं तांबं तांब्यातच राहिलं होतं. सर हसायला लागले. टेबलावरचा तांब्या त्यांनी उचलला, उजेडात फिरवला. सोमवारचा लखलखीत तांब्या गुरुवारीच एका बाजूने काळवंडला होता, प्रयोगशाळेच्या दाराच्या बाजूने. त्यांचं हसू थांबलं.

"आन् ह्यो हितं काळा कशानं पडतोय रे?" ते स्वतःशीच म्हणाले. मग मामांकडे वळले. "गॅसनं. आपल्याच गॅसनं. मेहबूब, तू इतकी वर्सं दर सोमवारी सांगालायस, आन् मी तुझ्या चिंचेला नावं ठेवालोय. तीस वर्सं मी जे नाक हुडकालोय ते माझ्याच टेबलावर हुतं की रे!"

"म्हंजे चिंच चांगली हाय न्हवं?" मामांनी विचारलं.

"एक नंबर हाय."

आम्ही नुसतं तांब्यातलं पाणी घेऊन काच केली, जेमतेम फरक. चिंचेने घासून, दोन ओंजळींत विसळलेल्या तांब्यातलं पाणी घेतलं आणि आकडा कोसळला. मग मोजूनमापून तांब्याचा क्षार घालायला लागलो, आणि एकशे सतरा नंबरची काच एकेचाळीसच्या तोडीस तोड निघाली. त्यानंतर जेवढ्या केल्या तेवढ्या निघाल्या.

नवा निबंध लिहिताना सरांनी सगळं घालायला लावलं. चिंच, ओंजळी आणि हेही, की मूळ नोंद चुकीची होती. तपासणाऱ्यांनी हा मजकूर अनावश्यक असल्याचं कळवलं. सरांनी उलट कळवलं, की उरलेला निबंध गाळला तरी चालेल, हा मजकूर राहील. तो राहिला. माझ्या वहीतल्या "डिस्टिल्ड पाणी" या शब्दांवर मी एक रेघ मारली, शेजारी तारीख आणि सही. पदवी एक वर्ष उशिरा मिळाली, ती नोकरी गेली, दुसरी मिळाली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी हसत विचारलं, "ही चुकीची नोंद नक्की कुणाची?" मी "माझी" म्हणाले. मागच्या रांगेत सर जोरात नाक ओढताना ऐकू आले. कसला वास घेत होते कोण जाणे.

सर निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. गळ्यात अडकवायची काच अजून बाजारात आलेली नाही. कागल एमआयडीसीतल्या एका कारखानदाराच्या मागे लागून सर ती करून घेताहेत आणि तो कारखानदार सरांना बघून मागच्या दाराने जातो, असं मामा सांगतात. गेल्या महिन्यात सरांनी मला घरी बोलावलं, दारातच वास घेतला, म्हणाले, "खडू. म्हंजे शिकवालीस अजून," आणि वह्यांचं एक खोकं पुढे सरकवलं. "वाळवी लागंल हितं. घिऊन जा."

घरी आल्यावर मी आधी पुराच्या आठवड्याची वही शोधली. पान सापडलं. लिहिलं होतं: "पूर तसाच. नळ बंद. वारा पश्चिमेचा, चिखलाचा वास. निळा ड्रेस. संध्याकाळी तांब्या रिकामा. पोरीनं प्यायलं असेल. सकाळपासून तिला पाण्याचा घोट नाही, घरची खबर नाही. बरं झालं."

आम्हाला कधी अंदाज लिहू न देणाऱ्या माणसाच्या वहीत हा एक अंदाज होता, आणि तो माझ्यासाठी केलेला. उत्तर तेव्हापासून त्यांच्या कपाटात होतं. "पोरीनं प्यायलं असेल" यावर नियमाप्रमाणे एक सरळ रेघ होती, शेजारी मी कबुली दिली त्या दिवसाची तारीख आणि सही.

"बरं झालं" यावर रेघ नव्हती.